सामायिक होस्टिंगवरील डेटाबेसची राखीव प्रत : बागायतदारांनी घ्यावयाची काळजी

देवगड, मालवण व वेंगुर्ला तालुक्यांतील अनेक बागायतदार आता हापूसची पेटी दलालामार्फत बाजार समितीत पाठविण्याबरोबरच शहरातील ग्राहकाला थेट विकतात. सन २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि थेट विक्रीला आणखी बळ आले. काजूगर, आमसूल, आगळ यांची विक्री तसेच तारकर्ली-देवबाग परिसरातील न्याहारी व निवासाची नोंदणीही याच मार्गाने होऊ लागली आहे. त्यासाठी पुष्कळांनी स्वतःचे संकेतस्थळ तयार करून घेतले आहे.

मोहोरावर तुडतुडे किंवा भुरी येऊ नये म्हणून आपण फवारणीचे वेळापत्रक पाळतो. परंतु संकेतस्थळावर साठलेल्या नोंदींची राखण मात्र बहुतेक ठिकाणी कोणीच करीत नाही. हापूसचा मुख्य हंगाम मार्च ते मे एवढाच असतो. ऐन एप्रिलमध्ये नोंदी नाहीशा झाल्या तर झाडावर आंबा तयार, बँकेत पैसे जमा, पण पेटीवर चिकटवायला पत्ता नाही, अशी अवस्था होते. ग्राहकाचा विश्वास एकदा गेला की पुढच्या वर्षी तो परत येईलच असे नाही. म्हणून डेटाबेसची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, कशी काढावी, कोठे ठेवावी आणि ती खरोखर उपयोगी आहे हे कसे तपासावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

संकेतस्थळाचे दोन भाग

कोणत्याही विक्रीच्या संकेतस्थळाचे दोन भाग असतात. पहिला भाग फायलींचा. यात पानांची मांडणी, छायाचित्रे व संकेतस्थळ चालविणारी आज्ञावली येते. दुसरा भाग डेटाबेसचा. यात ग्राहकांची नावे, पत्ते, मागण्या, दर, शिल्लक पेट्या आणि लेखांचा मजकूर तक्त्यांच्या स्वरूपात असतो. वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळांत हा डेटाबेस बहुधा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या प्रकारचा असतो.

फायलींचा भाग बुजला तर तो पुन्हा उभा करता येतो. छायाचित्रे पुन्हा काढता येतात. डेटाबेसचे तसे नाही. ग्राहकाने काल रात्री केलेली मागणी जगात फक्त त्याच एका तक्त्यात असते. त्यामुळे दोन्हींची प्रत हवी, पण डेटाबेसची प्रत अधिक वेळा हवी. केवळ फायली उतरवून घेतल्या म्हणजे सर्व झाले, असा समज चुकीचा आहे. त्या फायलींत ग्राहकांची एकही नोंद नसते.

सामायिक होस्टिंग म्हणजे काय ?

संकेतस्थळ ज्या मोठ्या संगणकावर ठेवलेले असते त्याला सर्व्हर म्हणतात. एक सर्व्हर स्वतंत्रपणे घेणे महाग पडते. म्हणून एकाच सर्व्हरवर शेकडो लोकांची संकेतस्थळे ठेवून भाडे वाटून घेतले जाते. यालाच सामायिक होस्टिंग म्हणतात. एकाच मांगरात गावातल्या अनेकांनी आपापले सामान ठेवावे, तसाच हा प्रकार आहे. भाडे कमी पडते, परंतु मांगर आपला नसतो, चावी पूर्णपणे आपल्या हाती नसते आणि शेजाऱ्याच्या चुकीचा त्रास आपल्यालाही होऊ शकतो.

बऱ्याच होस्टिंग कंपन्या स्वतःही प्रती काढतात. मात्र त्या किती दिवसांच्या ठेवायच्या हे कंपनी ठरवते, आणि माहिती जपण्याची अंतिम जबाबदारी ग्राहकाची आहे असे करारात सर्वसाधारणपणे लिहिलेले असते. कंपनीची प्रत मिळाली तर उत्तमच, पण तिच्यावर विसंबून राहू नये.

नुकसान कोणत्या कारणांनी होते ?

१) स्वतःची चूक : चुकीचा तक्ता पुसला जाणे, चाचणीच्या नोंदींबरोबर खऱ्या नोंदीही काढून टाकल्या जाणे.

२) अद्ययावतीकरण अर्धवट राहणे : वर्डप्रेस किंवा त्याची जोड-आज्ञावली, म्हणजे प्लगइन, नव्या आवृत्तीवर नेताना वीज किंवा जोडणी गेल्यास तक्त्यांची रचना अर्धी जुनी, अर्धी नवी राहू शकते.

३) घुसखोरी : सोपा पासवर्ड व जुनी आज्ञावली असल्यास परका माणूस आत शिरून नोंदी बदलतो किंवा पुसतो.

४) मुदत संपणे : होस्टिंगचे नूतनीकरण वेळेवर न केल्यास ठराविक दिवसांनंतर कंपनी खाते पुसून टाकते.

५) सर्व्हरचा बिघाड किंवा आपत्ती : १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या सर्व्हर-केंद्राला आग लागली. एक संपूर्ण इमारत जळाली व दुसरीचा काही भाग गेला. ज्या ग्राहकांच्या राखीव प्रतीही त्याच आवारात होत्या, त्यांची मूळ माहिती व प्रत दोन्ही एकदमच गेल्या.

प्रत काढण्याच्या पद्धती

अ) हाताने प्रत काढणे : बहुतेक सामायिक होस्टिंगमध्ये सी-पॅनल किंवा तत्सम नियंत्रण-पान असते व त्यात पीएचपी-मायअॅडमिन ही सोय असते. ती उघडून डावीकडील यादीतून आपला डेटाबेस निवडावा. खात्यात एकापेक्षा अधिक डेटाबेस असल्यास कोणता चालू आहे हे वर्डप्रेसच्या 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' या फाईलमध्ये लिहिलेले असते, ते पाहून खात्री करावी. नंतर 'एक्सपोर्ट' हे बटण दाबून 'क्विक' पद्धत व 'एसक्यूएल' हा प्रकार निवडावा आणि 'गो' म्हणावे. तयार झालेली फाईल आपल्या संगणकावर उतरते. तिच्या नावात तारीख घालावी. मोठ्या डेटाबेसच्या बाबतीत वेळेची मर्यादा संपून फाईल मध्येच तुटण्याचा संभव असतो, म्हणून ही पद्धत लहान डेटाबेससाठीच वापरावी.

आ) नियंत्रण-पानावरील बॅकअप : सी-पॅनलच्या 'बॅकअप' या विभागातून केवळ डेटाबेसची दाबून बांधलेली प्रत उतरवता येते. तेथेच संपूर्ण खात्याची प्रत घेण्याचीही सोय असते. परंतु संपूर्ण खात्याची प्रत आपणास स्वतः सी-पॅनलमधून परत लावता येत नाही. त्यासाठी कंपनीची मदत लागते. अडचणीच्या वेळी हा विलंब परवडत नाही. म्हणून डेटाबेसची व घर-फोल्डरची प्रत वेगवेगळी घ्यावी.

इ) ठराविक वेळी आपोआप प्रत : 'क्रॉन जॉब' या सोयीने रोज ठरलेल्या वेळी मायएसक्यूएल-डम्प ही आज्ञा चालविता येते. आज्ञेचा नेमका मजकूर कंपनीच्या मदत-कक्षाकडून किंवा संकेतस्थळ तयार करणाऱ्याकडून लिहून घ्यावा. तक्ते इनोडीबी प्रकारचे असतील तर 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय आज्ञेत घालण्यास सांगावे. त्यामुळे प्रत निघत असताना नवी मागणी आली तरी प्रतीतील हिशेब एकाच क्षणाचा व जुळलेला राहतो. सर्व्हरचे घड्याळ पुष्कळदा आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. रात्री २ वाजता प्रत हवी असेल तर तेथे २०.३० ही वेळ द्यावी लागेल. तयार होणारी फाईल 'पब्लिक एचटीएमएल' या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नये. तो फोल्डर सर्व जगाला खुला असतो.

ई) प्लगइनद्वारे प्रत : अपड्राफ्टप्लस यासारखे प्लगइन प्रत काढून ती थेट गूगल ड्राइव्हसारख्या दुसऱ्या ठिकाणी पाठविते. ज्यांना आज्ञा लिहिण्याची सवय नाही त्यांना हे सोयीचे आहे. मात्र संकेतस्थळच बंद पडले तर प्लगइनही बंद पडते. म्हणून प्रत कोठे जाते व तेथून हाताने कशी उतरवायची, हे आधीच पाहून ठेवावे.

किती वेळा प्रत काढावी ?

याचा हिशेब सोपा आहे. जितक्या तासांचे काम पुन्हा हाताने लिहून काढण्याची आपली तयारी आहे, तितक्याच तासांचे अंतर दोन प्रतींमध्ये ठेवावे. आंबा बागायतदारांसाठी खालील वेळापत्रक उपयोगी पडेल.

जून ते ऑक्टोबर : आठवड्यातून एकदा.
नोव्हेंबर ते फेब्रुवारी : दर दोन दिवसांनी, आगाऊ नोंदणी सुरू होताच दररोज.
मार्च ते मे : दररोज रात्री, मागणी जोरात असताना दिवसातून दोनदा.
कोणतेही अद्ययावतीकरण किंवा दरबदल करण्यापूर्वी : प्रत्येक वेळी.

न्याहारी व निवासाची सोय करणाऱ्यांनी दिवाळी, नाताळ व मे महिन्याची सुट्टी हाच आपला हंगाम समजावा.

जुनी प्रत पुसून त्याच जागी नवी ठेवणे ही मोठी चूक आहे. नोंदी बिघडल्याचे कधीकधी आठ-दहा दिवसांनी लक्षात येते. तोपर्यंत बिघडलेल्या नोंदींची प्रत चांगल्या प्रतीवर चढलेली असते. म्हणून दररोजच्या शेवटच्या ७, आठवड्याच्या ४ व महिन्याच्या १२ प्रती राखाव्यात. डेटाबेस दाबून बांधला की लहान होतो, त्यामुळे जागेची अडचण सहसा येत नाही.

प्रत कोठे ठेवावी ?

भाताचे बियाणे आपण खाण्याच्या भातात मिसळत नाही. ते वेगळे बांधून, कोरड्या जागी ठेवतो. प्रतीलाही हाच नियम लागू आहे. संगणक क्षेत्रात यासाठी '३-२-१' असा नियम सांगितला जातो. माहितीच्या एकूण ३ प्रती असाव्यात, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातील १ दुसऱ्या गावी असावी. सर्व्हरवर मूळ डेटाबेस, घरच्या संगणकावर किंवा बाह्य हार्ड डिस्कवर एक प्रत आणि इंटरनेटवरील साठवण-खात्यात एक प्रत, एवढे केले तरी नियम पाळला जातो. हार्ड डिस्क प्रत उतरवून झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेलीच राहिली तर संगणकात शिरलेला विषाणू तिच्यावरील प्रतही बिघडवू शकतो.

किनारपट्टीवर तर 'दुसऱ्या गावी' या शब्दांना विशेष अर्थ आहे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले. आंब्याची झाडे मोडली, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब पडून अनेक गावे अंधारात गेली. अशा वेळी घरातला संगणक भिजला किंवा बंद राहिला, तर त्यावरील एकमेव प्रत असून नसल्यासारखीच. मुंबई-पुण्यातील मुलाकडे किंवा नातेवाइकाकडे साठवण-खात्याचा पासवर्ड लिहून दिलेला असेल, तर तो तेथून ग्राहकांना निरोप तरी पाठवू शकेल.

प्रत परत लावून पाहिल्याशिवाय ती प्रत नव्हे

या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. प्रस्तुत लेखक एका परिचित बागायतदाराच्या संकेतस्थळाची देखरेख करीत असे. फेब्रुवारीत डेटाबेसचा पासवर्ड बदलला, पण क्रॉनच्या आज्ञेत जुनाच पासवर्ड राहिला. तरीही दररोज रात्री नवी फाईल तयार होत होती. नाव बरोबर, तारीख बरोबर. एप्रिलमध्ये चाचणीच्या नोंदी काढताना लेखकाच्या हातून मागण्यांचा तक्ताच पुसला गेला. प्रत उघडून पाहिली, तेव्हा प्रत्येक फाईल फक्त २० बाइटची निघाली. रिकामी फाईल दाबून बांधली की ती एवढीच भरते. शेवटची चांगली प्रत नऊ आठवड्यांपूर्वीची होती. बँकेतील जमा, व्हॉट्सअॅपवरील निरोप व ई-मेल जुळवून चार रात्रींत यादी पुन्हा उभी केली. तरी काहींना दोनदा पेटी गेली आणि काहींना उशिरा. फाईलचा आकार आठवड्यातून एकदा पाहिला असता तर हा प्रसंग आला नसता.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेस पुसला. नेहमीच्या प्रती काढणारी व्यवस्था आज्ञावलीच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे आधीपासूनच निकामी होती आणि बिघाडाच्या सूचनाही कोणापर्यंत पोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाती लागली म्हणून बाकीची माहिती वाचली.

हे टाळण्यासाठी खालीलप्रमाणे तपासणी करावी.

१) दर आठवड्याला फाईलचा आकार पाहावा. तो हळूहळू वाढत गेला पाहिजे. एकाएकी घटला तर लगेच कारण शोधावे.

२) मायएसक्यूएल-डम्पने काढलेली फाईल उलगडून तिची शेवटची ओळ पाहावी. तेथे 'डम्प कम्प्लीटेड' अशा अर्थाची इंग्रजी नोंद सहसा असते. ती नसल्यास फाईल अर्धवट असण्याची शंका घ्यावी.

३) महिन्यातून एकदा नियंत्रण-पानावर नवा, रिकामा डेटाबेस तयार करून त्यात 'इम्पोर्ट' या बटणाने प्रत लावावी. फाईलच्या आकाराची मर्यादा त्याच पानावर लिहिलेली असते. ती अपुरी असल्यास कंपनीस कळवावे. तक्त्यांची संख्या, मागण्यांची संख्या व शेवटची मागणी मूळ डेटाबेसशी ताडून पाहावी.

४) दरवर्षी जानेवारीत, हंगामापूर्वी, संपूर्ण संकेतस्थळ घरच्या संगणकावर झॅम्पसारख्या मोफत साधनाच्या मदतीने उभे करून पाहावे. चाचणीच्या प्रतीतून ग्राहकांना ई-मेल जाणार नाहीत याची दक्षता घ्यावी.

मराठी नोंदींबाबत विशेष काळजी

देवनागरीतील नावे परत लावल्यावर प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखी दिसू लागली, तर अक्षरसंचाची गफलत झाली असे समजावे. डेटाबेस, प्रत व आयात या तिन्ही ठिकाणी 'यूटीएफ-८-एमबी-४' हाच संच ठेवावा. प्रतीची फाईल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा साठवू नये. मूळ अक्षरांच्या जागी एकदा प्रश्नचिन्हे साठवली गेली की ती अक्षरे त्या फाईलमधून परत मिळत नाहीत. तपासणीच्या वेळी एखादे जोडाक्षर असलेले नाव मुद्दाम शोधून पाहावे.

ऐन वेळी काय करावे ?

१) प्रथम संकेतस्थळावरील मागणी घेणे थांबवावे.
२) बिघडलेल्या डेटाबेसचीही एक प्रत काढावी. त्यात नव्या काही नोंदी शिल्लक असू शकतात.
३) चांगली प्रत जुन्या डेटाबेसवर न लावता नव्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये लावून पडताळावी.
४) खात्री पटल्यावर 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाईलमध्ये नव्या डेटाबेसचे नाव, वापरकर्ता व पासवर्ड लिहावा.
५) प्रत काढल्यानंतर आलेल्या मागण्या ई-मेल व पैसे भरल्याच्या नोंदींवरून हाताने भराव्यात. यासाठी प्रत्येक मागणीचा ई-मेल आपणास येईल अशी व्यवस्था सुरुवातीपासूनच ठेवावी.

ग्राहकांच्या माहितीची गुप्तता

प्रतीत ग्राहकांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे. लोकांची माहिती जपून ठेवणे ही केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. म्हणून साठवण-खात्याला मजबूत पासवर्ड व दुहेरी पडताळणी ठेवावी. प्रत असलेला पेन ड्राइव्ह कोणाच्याही हाती देऊ नये.

बियाण्यांच्या राखणीचा धडा

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर २००८ साली जगभरातील बियाण्यांच्या राखीव प्रती ठेवण्यासाठी एक कोठार सुरू झाले. सीरियातील अलेप्पोजवळ इकार्डा या आंतरराष्ट्रीय संस्थेची मसूर, हरभरा, गहू व जव यांची मोठी बीजपेढी होती. युद्धामुळे तेथे काम करणे अशक्य झाले. संस्थेने आपल्या बियाण्यांचा दुसरा संच आधीच स्वालबार्डला ठेवला होता. २०१५ साली तो परत मागविला, लेबनॉन व मोरोक्कोत पेरून वाढविला आणि २०१७ साली नवे बियाणे पुन्हा कोठारात नेऊन ठेवले. येथे तीन गोष्टी दिसतात. प्रत दूर होती. ती जिवंत, उगवणारी होती. आणि वापरल्यानंतर ती पुन्हा भरून ठेवली गेली.

बागायतदार बंधू-भगिनींनो, आपल्या डेटाबेसलाही याहून वेगळे काही लागत नाही. बियाणे पेरण्यापूर्वी आपण उगवणशक्ती तपासतो. प्रतीची उगवणशक्ती म्हणजे ती परत लावून पाहणे. आज संध्याकाळी अर्धा तास काढून आपल्या संकेतस्थळाची पहिली प्रत उतरवून घ्यावी, तिचा आकार वहीत तारखेसह लिहावा आणि येत्या रविवारी ती रिकाम्या डेटाबेसमध्ये लावून पाहावी. फवारणीच्या वहीतच हे एक पान वाढविले, तर हंगामात एकाही ग्राहकाची पेटी पत्त्यावाचून अडणार नाही.